बेडकांतला मरळ

मी चेन्नईला जाऊन आले. आमच्या गावातून तिकडे आधी जे गेले ते दवाखान्यासाठी गेले, नाही तर कंपनीत कामाला. मी बेडूक बघायला गेले असं गावात पसरलं. ते अर्धं खरं आहे. बचत गटाच्या बायका एकेक करून विचारायला येतात आणि प्रत्येकीला पहिल्यापासून सांगावं लागतं. तोंड दुखलं, म्हणून लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत. जे दिसलं तेच लिहिलं आहे, त्याच्यापलीकडचं मला येत नाही.

आम्ही ढिवर. भंडारा जिल्ह्यात तलाव पुष्कळ, आणि तलावातला मासा हा आमचा धंदा. माझी नात प्रणाली, मुलाची मुलगी, शिकत शिकत चेन्नईपर्यंत गेली. एकाच तलावात राहणारे निरनिराळे बेडूक काय काय खातात, हा तिचा अभ्यास. लोक हसतात. मीही हसले होते.

घरात मुलगा बोलत नाही, सून बोलते. सुनेचं नाव सुनंदा. तिने प्रणालीशी फोनवर ठरवून घेतलं होतं की ह्या पावसात काम संपलं तर पुढे शिक, नाही संपलं तर आजीबरोबर परत ये आणि लग्न कर. नवरा मुलगा शाळेत मास्तर, चांगला, माझ्या माहेरच्या गावचा. स्थळ मीच आणलं होतं. प्रणाली हो म्हणाली होती. म्हणून मला पाठवलं. जायचं तिकीट एक, यायची तिकिटं दोन.

गाडीतलं काही लिहीत नाही. गाडी सगळ्यांनी पाहिली आहे.

अंबत्तूर

चेन्नईच्या मोठ्या स्टेशनावर उतरून छोट्या गाडीने अंबत्तूरला जायचं. कारखान्यांची वस्ती आहे. एका बाजूला लोखंड कापतात, दुसऱ्या बाजूला काचेच्या इमारतीत पोरं कॉम्प्युटरवर बसतात, आणि मधल्या रस्त्यावर दोघांच्याही मोटारसायकली. आमच्याकडे दिवाळीला धान कापणीला येतो, आकाश मोकळं होतं. तिथे तेव्हाच पाऊस धरतो, आणि पाऊस पडूनही गार होत नाही. पातळ भिजतं ते वाळत नाही. मी नेलेल्या पातळांना दुसऱ्या दिवशी वास यायला लागला.

प्रणाली गीताबाईंच्या घरी वरच्या खोलीत राहते. गीताबाई तंजावरच्या मराठी. त्यांचे पूर्वज कधी तिकडे गेले ते त्यांनाही धड सांगता येत नाही. शाळेत मास्तरीण होत्या, आता एकट्या. त्यांची मराठी जुनी आहे, पोथीतल्यासारखी, आणि मध्येच तमिळ शिरतं. वाक्याचा शेवट वर उचलतात, त्यामुळे सगळं विचारल्यासारखं वाटतं.

"या अक्का, या. प्रवास सुखाचा झाला की? कापी घ्या आधीं."

कापी म्हणजे कॉफी. वाटी-पेल्यात देतात, पेल्यातून वाटीत उंचावरून ओततात आणि परत पेल्यात. मी प्याले. चांगली होती. त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं आणि नाक आक्रसलं.

"अक्का, ह्यांत काय हाय?"

"झिंगे. सुकवलेले. पोरीसाठी आणले."

"अय्यो. ह्या घरांत मासा, अंडं, काहीं नक्को हं. प्रणालीला ठाऊक हाय."

"अन् ती बेडूक घरात आणते ते?"

"बेडूक असूं दे. तो जिवंत हाय. शिजवत नाहीं की."

प्रणालीने झिंग्यांचा डबा घेतला आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीखाली, चपलांच्या शेजारी ठेवला. तिथपर्यंत गीताबाई आपलं घर धरत नाहीत असं त्या दोघींनी आधीच ठरवलेलं दिसलं. रोज आम्ही खाली गीताबाईंबरोबर जेवायचो. भात, सांबार, भात, रसम, परत भात आणि दही. रसम म्हणजे चिंचेचं पाणी, मिरे घातलेलं. एवढं पाणी कशाला प्यायचं ते मला कळलं नाही, पण सर्दी गेली. मग वर जाऊन टाकीखाली बसून भाजलेले झिंगे चावायचो. गीताबाईंना वास यायचा. त्या खालची खिडकी लावून घेत.

एरी

तिथे तलावाला एरी म्हणतात. अंबत्तूरच्या बाहेरच्या अंगाला एक आहे, तिथे प्रणालीचं काम. बघितल्याबरोबर ओळखीची वाटली. तशीच मातीची पाळ, तसंच पाणी सोडायचं दार, धानासाठी कोणी तरी पूर्वी बांधलेली. आता धान नाही. एका बाजूला कारखान्यांच्या मागच्या भिंती, अर्ध्या पाण्यावर जलकुंभी, काठाला पिशव्या आणि चपला. आमच्या तलावात एवढा कचरा कोणी टाकला तर मच्छीमार सोसायटी तो त्याच्या दारात नेऊन टाकेल. तरी बगळे होते, आणि बेडूक होते.

दिवस मावळताना जायचो. ती पॅन्ट वर करून पाण्यात, मी पाळीवर. तिच्याकडे जंगल खात्याचा कागद आहे, उगाच कोणी बेडूक पकडू शकत नाही.

बेडकाचं खाणं कसं बघतात ते लिहिते, कारण सगळ्या बायका हेच आधी विचारतात. पोट फाडत नाहीत. मऊ नळी तोंडातून पोटात घालतात, पिचकारीने एरीचंच पाणी आत सोडतात. बेडूक ओकतो. खाली चहाची गाळणी धरायची. गाळणीत जे येतं ते चिमट्याने बाटलीत, आणि बेडूक जिथून घेतला तिथेच परत. सगळं झटपट. बेडूक जरा वेळ तोंड उघडं ठेवून बसतो, दारू पिऊन उलटी झालेल्या माणसासारखा, मग जातो.

"आजी, हा बघ. पाण्यावरून टप्पे घेत पळते तो. ह्याचं पाण्यातलं, पाण्यावरचं. डासाच्या अळ्या, पाणकिडे." तिने गाळणी माझ्यापुढे धरली. "अन् हा काठाच्या गवतातला. ह्याच्यात काय हाय?"

"नाकतोड्याचा पाय."

"बरोबर. रातकिडे, कोळीपण खाते. दोघं हातभर अंतरावर बसते, पण ह्याचं तो खात नाही."

तिसरा अंगठ्याच्या पेरापेक्षा लहान, तोंड निमुळतं. एवढ्याशा तोंडात नळी जात नाही. त्याला ओल्या कापडी पिशवीत घालून घरी न्यायचं आणि त्याने सकाळी जी घाण केली ती बघायची. तीत मुंग्यांची डोकी निघतात, वाळवीचे तुकडे. दुसरं काही नाही. मुंगी सोडून काही खातच नाही म्हटलं तरी चालेल.

मला ह्यात नवल वाटलं नाही. आमच्या तलावात कतला वरचं खातो, रोहू मधलं, मृगळ तळातलं. म्हणून तिघांचं बीज, म्हणजे बारीक पिल्लं, एका तलावात सोडतात. आणतानाही एकाच हांडीत आणतात, हाताने पाणी हलवत, म्हणजे जीव गुदमरत नाही. भांडण नाही, उपाशीही कोणी नाही. मी तिला तसं म्हटलं.

"तसंच व, आजी. फक्त बेडकाचं कोणी ह्या एरीत मोजून पाहिलं नाही."

"अन् मरळ कोणता?"

हे मी सहज विचारलं. मरळ मासा बीज खातो. एक मरळ हांडीत शिरला की सकाळी हांडीत एकच मासा राहतो, तो मरळ. आमच्या सोसायटीचा जुना नियम आहे, ज्याच्या हातून मरळ बीजात गेला त्याने सगळं भरून द्यायचं. मग तो अध्यक्ष असो की विधवा बाई. मुद्दाम केलं की चुकून, हे कोणी विचारत नाही.

प्रणाली म्हणाली, "मोठा हिरवा-पिवळा बेडूक हाय ना, आपल्याकडेबी हाय तो. पुस्तकात लिहिलं हाय, सगळं खाते म्हणून. पण हा इथला काय खाते ते पाहायचं हाय, अन् तोच सापडत नाही. पूर्वी लोकं पकडून विकत. आता पाऊस जोराचा पडला तरच बाहेर येते. बाकी सगळ्यांचं झालं, ह्याचंच अडलं."

सगळं खातो म्हणजे काय काय, ते मी विचारलं नाही. तो बेडूक मी जन्मभर तलावावर बघितला आहे. तो काय खातो ते बघायची गरज पडली नाही. जे विकत नाही ते आम्ही बघत नाही.

नुंगंबाक्कम

प्रणालीच्या गाइड मॅडम नुंगंबाक्कमला राहतात. शहराचा श्रीमंत भाग आहे, दुकानांत इतकी थंडी की पदर घ्यावा लागतो. मॅडमचं घर लहान, सगळीकडे पुस्तकं, खुर्चीवरची उचलून मला जागा केली. त्या तमिळ आणि इंग्रजी बोलतात, मी मराठी, मध्ये प्रणाली. मी आडवळणाने विचारत नाही. विचारलं, हिचं काम ह्या पावसात संपणार की नाही?

मॅडमनी बराच वेळ सांगितलं. प्रणालीने थोडक्यात केलं. मोठे बेडूक थोडे तपासून झाले तर संपलं. नाही झाले तर पुढच्या पावसापर्यंत थांबायचं. सरकारकडून जे मिळतं ते तोवर बंद होईल, शिकवण्या घेऊन राहावं लागेल.

"अन् ही हुशार हाय का, ते विचार."

"आजी, असं नसते विचारत."

"विचार."

तिने विचारलं. मॅडम हसल्या आणि एकच वाक्य बोलल्या.

"काय म्हणल्या?"

"काही नाही."

"मी काय इतक्या दूर काही नाही ऐकायले आली?"

"म्हणल्या, हळू काम करते. पण पाहिलं नाही ते लिहत नाही."

येताना तिने मला एका हॉटेलात मासा खायला घातला. समुद्राचा होता, तव्यावर तळलेला. मसाला चांगला. मासा आमच्या रोहूपुढे काही नाही. ती म्हणाली, "तू कुठंबी गेली तरी हेच म्हणशील." खरं असेल. मी दुसरीकडे कुठे गेलेले नाही.

मोरी

मग एक दिवस दुपारपासून पाऊस लागला तो थांबेना. प्रणाली खिडकीतून बघत होती. तिच्या तोंडावर सणाचा आनंद. उजेड असतानाच आम्ही एरीवर गेलो. पाळीखालच्या पाण्यात तो बसला होता. पिवळाजर्द, गालाशी निळे फुगे, आवाज म्हशीसारखा. तिने झडप घालून धरला. दोन्ही हातांत मावेना. आणखी तिघे छोटे पकडले, पाण्यावरचा, गवतातला आणि मुंग्या खाणारा, प्रत्येकजण आपापल्या पिशवीत. मग मोठ्याला नळी लावायला गेली तर नळी चिरलेली. पाणी सगळं बाहेर. दुसरी नव्हती.

"घरी जाऊ. मेडिकलमध्ये तान्ह्या लेकराले दूध द्यायची नळी मिळते, तीच ही. लवकर करावं लागते, नाही तर पोटातलं पचून जाते."

घरी आलो. पिशव्या वरच्या मोरीत खुंटीला लावल्या. जाता जाता म्हणाली, "आजी, पिशव्या तशाच राहू दे." आणि छत्री घेऊन पळाली.

मी बसले होते. पिशव्या हलत होत्या. मोठी पिशवी लाथा मारत होती, छोट्यांतली एक एकदम गप्प झाली. पाणी ठिबकून मोरीबाहेर आलं. मला वाटलं, गुदमरले. बीज आणताना पिशवी अशी गप्प झाली की समजायचं, गेलं. तेव्हा काय करायचं ते माझ्या हातांना माहीत आहे, डोक्याला विचारावं लागत नाही. टबमध्ये बोटभर पाणी घेतलं, चारही पिशव्या त्यात मोकळ्या केल्या, वर परात झाकली, परातीवर पाण्याची कळशी. जीव वाचले म्हणून मी खाली गीताबाईंकडे कापी प्यायला गेले. त्यांना सांगितलंही, पोरगी शिकली पण बीज सांभाळता येत नाही.

प्रणाली आली. धावत वर गेली. मग वरून आवाज आला नाही, म्हणून मी गेले.

परात बाजूला होती. टबमध्ये मोठा एकटा बसला होता. त्याच्या तोंडातून एक पाय बाहेर आलेला. त्याने डोळे मिटले, गिळलं, पाय आत गेला. डोळे उघडले. दुसरं कोणी टबमध्ये नव्हतं.

प्रणाली ओल्या फरशीवर बसली. नवी नळी तिच्या हातात, कागदातून बाहेरसुद्धा काढलेली नाही.

"काऊन केलं, आजी? तुले सांगतलं होतं ना."

"गुदमरत होते."

"बेडूक कातडीनं श्वास घेते. ओल्या पिशवीत काही होत नाही त्यायले."

ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, "मग आता नळी घाल. काढ पोटातलं. ताजं ते टबातलं, जुनं ते एरीतलं. वेगळं कर."

"पोट गच्च हाय, पाणी ढकललं तर मरून जाईल. अन् त्या तिघांच्या पोटातले किडे आता ह्याच्या पोटात गेले. मुंग्या त्यानं खाल्ल्या का त्या चिमुकल्यानं, कसं सांगू? सगळं एक झालं."

"मग एवढं तरी लिही, की हा बेडूक खाते. खोटं कुठं हाय त्यात? मी माझ्या डोळ्यानं पाहिलं, तू पाहिलं."

"टबात खाल्लं, आजी. टबात दुसरं काय होतं त्याच्यासमोर? गाइड मॅडमनं मले एरीत काय खाते ते विचारलं हाय."

"कोणाले समजणार हाय?"

ती उठली आणि फरशी पुसायला लागली. माझ्या बोलण्याला तिने एवढंच उत्तर दिलं.

गीताबाई आवाज ऐकून वर आल्या. टबमध्ये बघितलं, मग आमच्याकडे. काय झालं ते प्रणालीने सांगितलं. गीताबाईंनी कपाळाला हात लावला.

"अय्यो! माझ्या सासऱ्यांनीं घर बांधलं, तेव्हांपासून ह्या छपराखालीं मांस शिजलं नाहीं."

"शिजलं नाहीच, अम्मा," प्रणाली फरशी पुसता पुसता म्हणाली. "त्यानं कच्चंच खाल्लं."

गीताबाई आधी दचकल्या, मग इतक्या हसल्या की त्यांना दाराला धरावं लागलं. त्या हसल्या म्हणून प्रणाली हसली, आणि हसता हसता रडली. मी नाही. माझं काम मी केलं होतं.

गीताबाईंनी खालून दहीभात पाठवला. तो कोणी खाल्ला नाही. सकाळी तो फुकट जाऊ नये म्हणून मी खाल्ला.

पाळीवर

उजाडल्यावर आम्ही त्याला एरीवर घेऊन गेलो. प्रणालीने पिशवी उघडली, त्याने एक उडी मारली, पाण्यात गेला. माझ्याकडे वळून बघितलं वगैरे काही नाही. पोट भरलेलं होतं, त्याचं त्याला काय.

त्यानंतर पाऊस थांबला. ऊन पडलं, कारखान्यांच्या पत्र्यांवर चमकलं, माझी पातळं वाळली. रोज दिवस मावळताना गेलो. पाण्यावरचे होते, गवतातले होते, मुंग्या खाणारे तर पायाखाली येत होते. मोठा नव्हता. प्रणालीने एकदाही मला टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवसांत मी थोडं शहर बघितलं. समुद्र बघितला. पाणी पुष्कळ आहे, पिता येत नाही. बायका केसांत इतका गजरा घालतात की आमच्याकडे लग्नातसुद्धा घालत नाहीत, आणि म्हाताऱ्याही घालतात. गीताबाईंनी मला घातला. मी काढला नाही, कारण डोक्याला थंड वाटत होतं.

निघायच्या सकाळी वर गेले तर प्रणालीने आपली बॅग भरलेली. बाटल्या खोक्यात, नाव लिहून, गाइड मॅडमकडे द्यायला. भिंतीवरचा एरीचा नकाशा काढून गुंडाळलेला.

"हे काय?"

"ठरलं होतं. काम संपलं नाही. आईले शब्द दिला हाय."

"बॅग रिकामी कर."

"आजी, आता तू सुरू नको होऊ."

"मी विचारते त्याचं उत्तर दे. बीजात मरळ कोणी सोडला?"

"ते सोड ना व."

"कोणी सोडला?"

"तू."

"मग भरून कोण देते?"

नियम तिला माहीत आहे. तिच्या आजोबांनी एकदा अख्ख्या हंगामाचं बीज भरून दिलं होतं, तेव्हा ती घरात होती. पुतण्याने हांडी भरली होती, पण हांडी आजोबांच्या नावावर होती.

"आई काय म्हणेल?"

"ते माझं मी पाहीन."

"अन् मास्तर? तिकडं काय सांगशील?"

"तेबी माझंच. तू एरीवर जा. पाऊस अजून हाय म्हणते ना तुम्हा लोकाईचा?"

"महिनाभर तरी."

"मग बस."

ती माझे पाय धरायला वाकली. मी म्हटलं, वाकू नको, गाडी चुकेल. ह्यात उपकार नव्हते. नुकसान माझ्या हातून झालं, त्याचा दंड तिने भरायचा, असं कुठल्याच सोसायटीत होत नाही.

गीताबाईंनी वाटेसाठी चिंचेचा भात दिला, केळीच्या पानात. दोन पुड्या बांधल्या होत्या. प्रणाली येत नाही असं कळल्यावर दुसरी पुडी त्यांनी हातात धरली आणि मग तीही मला दिली. "अक्का, दोन्हीं खा. मार्ग लांब हाय." झिंग्यांचा डबा मी टाकीखालीच ठेवला. गीताबाईंना ते दिसलं. त्या म्हणाल्या, "असूं दे. तिथें कावळा काय खातो तें मी बघत नाहीं."

गाडीत माझ्यासमोरची जागा रिकामी होती. दोन स्टेशनं गेल्यावर तिकीट तपासणाऱ्याने ती एका जाड्या माणसाला दिली. तो घोरला.

घर

सुनंदा भंडाऱ्याच्या स्टेशनावर आली होती. माझ्यामागे कोणी उतरतं का ते बघत राहिली. गाडी सुटेपर्यंत बघितलं. मी तिथेच सगळं सांगितलं, टबपासून. ती म्हणाली, "बेडकापायी पोरगी ठेवून आल्या?" मी म्हटलं, हो. त्यानंतर ती माझ्याशी बोलायची थांबली. ताट वाढायची, पण ताटच बोलायचं, ती नाही.

मग मी माहेरच्या गावी गेले. मास्तरच्या घरी सांगितलं, पोरगी आत्ता येणार नाही, पुढच्या वर्षीचं माहीत नाही, तुम्ही थांबू नका. त्यांनी विचारलं, काय कारण? मी म्हटलं, कारण माझ्याकडे आहे, पोरीकडे नाही. त्यांनी चहा दिला. बसा म्हणाले नाहीत. मी उभ्यानेच प्याले. स्थळ मी आणलं होतं, तेव्हा शब्दही मीच मोडायचा. माझा भाऊ मला बसस्टँडवर सोडायला आला नाही. येत जाईल पुढे कधी तरी. नाही आला तर त्याचं तो बघेल.

चेन्नईला मोठा पाऊस झाला असं टीव्हीवर सांगितलं. दोन दिवसांनी प्रणालीचा फोन आला. सुनंदा चुलीपाशी वांगी चिरत होती. मी मुद्दाम फोनचा आवाज मोठा केला.

"आजी, सापडले. बरेच सापडले. नळी चिरली नाही."

"अन् काय खाते तो?"

"खेकडा. भुंगे. एकाच्या पोटात उंदराचं पिल्लू. अन् एकाच्या पोटात बेडूक, तो टप्पे घेत पळते ना, तो. ह्यावेळी त्यानं एरीतच पकडला होता."

"म्हणजे मी म्हणत होती ते बरोबर होतं. तेव्हाच लिहिलं असतं तर?"

"बरोबर होतं, आजी. पण तेव्हा आपल्याले माहीत नव्हतं."

मी फोन ठेवला. चुलीपाशी विळीचा आवाज थांबला होता. सुनंदाने माझ्याकडे बघितलं नाही. हातातल्या वांग्याकडे बघत, इतक्या दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

"खेकडा कवचासकट खाते का तो?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "फोन लावून विचार."

तिने हात पुसले आणि फोन मागितला.